गॅल्व्हस्टनची पावणी

गॅल्व्हस्टन आधी मला सापडलं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण हल्ली ह्यूस्टनशेजारच्या आमच्या शुगर लँडमध्ये कुणी जुनं कपाट घ्यायचं म्हटलं की सगळे एका सुरात म्हणतात, "अगं, मंजुषाला विचार ना!" मंजुषाला विचार! जी मंजुषा नेरूरकर हायवेवर लेन बदलायची वेळ आली की डोळे मिटून घ्यायची, तेही माझ्या गाडीत माझ्या शेजारी बसून, तिला विचार.

तर गॅल्व्हस्टन. शुगर लँडहून तासाभरावर, समुद्रातलं लांबुळकं बेट. आमची मंडळी तिथे जातात ती बीचवर, चटया आणि भेळेचे डबे घेऊन, आणि संध्याकाळी वाळू झटकत परत येतात. गावात कुणी वळत नाही. मी वळले. तिकडे लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणी राज्य करत होती, आपल्यावरही करत होती, त्या काळात इथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली घरं ओळीनं उभी आहेत. लाकडाची नक्षी, रंगीत काचा, कुठे घराच्या कोपऱ्याला बुरूज. वादळं आली, रस्त्यांवर छातीपर्यंत पाणी चढलं, तरी ती उभीच. मी पुण्याची. जुनी वस्तू दिसली की माझा हात आपोआप तिच्यावरून फिरतो. आमचे हे, मनोहर, आयुष्यभर तेलाच्या पाइपांची गणितं मांडत आले, त्यांना जुन्यातलं फक्त लोणचं आवडतं. म्हणून मी एकटीच जायचे.

तिथल्या एका गल्लीत, कापसाच्या जुन्या गोदामात, डेल हॅलोरन नावाच्या गृहस्थाचं लिलावघर होतं. तेव्हा गावात ते एकच. दर शनिवारी लिलाव. बंगल्यातली म्हातारी वारली की तिची मुलं डेन्व्हरहून, सिॲटलहून यायची, चार फोटो आणि एखादी अंगठी उचलायची आणि बाकी घर तसंच्या तसं डेलच्या हवाली करायची. त्यांना ते गडद लाकूड नको, ते वजन नको. आणि घेणारे कोण? पुढे पुढे आम्हीच. आमची पाच-पाच बेडरूमची कोरी घरं, सगळ्या भिंतींना तोच दुधाळ रंग, आणि आत एकही वस्तू अशी नाही जी आपल्याआधी कुणाची होती. इकडे घरं रिकामी होत होती, तिकडे रिकामी घरं भरत होती. मधल्या मध्ये लिलाववाले वाढले. बंद पडलेल्या बँकेत दुसरं लिलावघर उघडलं, मग एका जुन्या थिएटरात तिसरं. हे सगळं होणार हे मला आधीच दिसलं होतं. मी मनोहरना म्हटलंही होतं. ते "हूं" म्हणाले होते.

मंजुषाला तिथे मी नेलं. तिचा नवरा श्रीरंग तेलाच्या ड्रिलिंगमध्ये होता, त्याची नोकरी गेली. मंजुषाला तेव्हा नोकरीचं परमिट नुकतं मिळालं होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं. मराठी मंडळाच्या संक्रांतीला ती कोपऱ्यात तिळगुळाची वाटी घेऊन बसलेली दिसली आणि मला दया आली. दया, हो. मी म्हटलं, "चल शनिवारी माझ्याबरोबर, जरा हवापालट." ती आली. माझी पर्स मांडीवर धरून, गोदामातल्या लाकडी बाकावर माझ्याशेजारी बसली. डेलचा माणूस भराभर बोली पुकारत होता आणि ही तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, ही तर पावणी!"

पावणी म्हणजे काय, हे मला तिनंच सांगितलं. ती कुडाळकडची. जत्रा झाली की देवाला आलेले नारळ, केळीचे घड, खण, पहिला फणस, सगळं देवळाच्या पायरीवर मांडून त्याचा लिलाव होतो. पुकारायचा मान तिच्या वडिलांचा. "पण हे लोक कसं पुकारतात ताई, मजाच नाही," ती म्हणाली. "नंबर काय घेतात? माणसांना नावं नाहीत का?" मी हसले. मला वाटलं, बिचारी.

बिचारीनं पुढच्याच आठवड्यात डेलकडे काम मागितलं. मला न विचारता. दिव्यांच्या काचा पुसायच्या, खुर्च्यांना चिठ्ठ्या बांधायच्या. मी तिला माझ्याच गाडीतून न्यायचे, आणायचे. मग ती ड्राइव्ह करायला शिकली. मग तिनं पुकारण्याचं लायसन्स काढलं. मग एका शनिवारी डेलचा पुकारणारा माणूस घसा बसल्यामुळे आला नाही, आणि ही आमची पाच फुटी मंजुषा, कॉटनच्या कुडत्यात, त्या उंच लाकडी मंचावर चढली.

मी समोर होते. मला सगळं आठवतं. पहिल्या दोन वस्तू तिनं नंबरांनीच विकल्या. तिसरी वस्तू एक पितळी घड्याळ. चर्च स्ट्रीटवरच्या पीटरसनबाईंनी नंबरची पाटी वर केली आणि मंजुषाच्या तोंडून नंबरच्या ऐवजी निघून गेलं, "मिसेस पीटरसन, चर्च स्ट्रीट! मिसेस पीटरसन हॅज इट!" वडिलांचाच सूर. देवळाच्या पायरीवरून वाडीच्या टोकापर्यंत जाणारा. सगळा हॉल वळून पीटरसनबाईंकडे बघायला लागला. बाई लाल झाल्या, मग सरळ बसल्या, आणि कुणी पुढे गेलं की त्या आणखी पुढे गेल्या. आपलं नाव दुसऱ्याच्या नावाखाली जाऊ द्यायचं नाही, हे काही कुडाळच्याच माणसांना वाटतं असं नाही. शेवटी मंजुषा चुकून मराठीतच म्हणाली, "एक वार... दोन वार..." आणि "तीन वार"ला हातोडा आपटला. हॉलनं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून गॅल्व्हस्टनची रीतच बदलली. लोक वस्तू घ्यायला नाही, नाव ऐकायला यायला लागले. दारातच ती प्रत्येकाचं नाव आणि गल्ली विचारून घ्यायची आणि एकदा ऐकलं की विसरायची नाही. बँकेतल्या लिलाववाल्यांनीही नावं पुकारून पाहिली, पण त्यांचा माणूस नाव वाचायचा, ही हाक मारायची. म्हातारे अमेरिकन तिच्याबरोबर "एक वार, दोन वार" म्हणायला शिकले. डेलनं शेजारचं गोदाम घेतलं. शुगर लँडहून गाड्या भरभरून आपली माणसं जायला लागली. ह्यूस्टनच्या पेपरात तिचा फोटो आला. मंडळानं गुढीपाडव्याला तिला कर्तबगार महिला म्हणून शाल दिली, आणि त्या कार्यक्रमाचे दीडशे बटाटेवडे कुणी तळले? मी. हाताला तेलाचा वास, आणि समोर ती शाल पांघरून सांगतेय, "आसावरीताई नसत्या तर मी इथे नसते." लोकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जशी आचाऱ्याकडे बघून हलवतात.

मला तिचा हेवा वाटतो. त्यात लपवायचं काय? जागा मी शोधली, हौस माझी, पेट्रोल माझं, आणि नाव तिचं. रात्री गादीवर पडले की पोटात खरंच दुखायचं. मनोहर म्हणायचे, "अॅसिडिटी आहे, गोळी घे."

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट ही, की त्या हॉलमध्ये जगातल्या सगळ्यांचं नाव निघायचं, माझं सोडून. आमच्या शेजारच्या उल्कानं एक तडा गेलेली सूपची वाटी घेतली, तर "मिसेस उल्का राजे, शुगर लँड!" असा पुकारा झाला. उल्का आठवडाभर ग्रोसरीच्या दुकानातसुद्धा मान ताठ करून चालत होती. मला मात्र मंजुषानं समोरच्या बाकांवर बसूच दिलं नाही. मी आले की ती धावत यायची, "ताई, तुम्ही इकडे," म्हणून मंचाच्या बाजूला, हमालांच्या ओळीत एक खुर्ची दाखवायची. तिथून मला लोक दिसायचे, लोकांना मी दिसायचे नाही. लिलाव संपला की मागच्या खोलीत ती डबा उघडायची. घावन, खोबऱ्याची चटणी, कधी काळ्या वाटाण्याची उसळ. आम्ही दोघी जेवायचो. मी मुकाट जेवायचे. घावन चांगले असायचे, तेवढं कबूल करते.

मग तो आरसा आला. समुद्राकाठच्या एका बंगल्यातला, माणसाच्या उंचीचा, अक्रोडाच्या लाकडाची चौकट, वर कोरलेली द्राक्षं. कडेनं पारा थोडा उडालेला. मी शुक्रवारी तो बघायला गेले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि ठरवलं, हा माझा. आणि माझं नावही उद्या निघेल. हो, दोन्ही. शनिवारी मंजुषाची नजर चुकवून मी दारात नंबरची पाटी मागून घेतली आणि पदराखाली लपवल्यासारखी ओढणीखाली धरून माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले.

आरसा आला. मी पाटी वर केली. मंजुषानं माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि नजर पुढे नेली. "मिसेस राजे, शुगर लँड!" उल्कानं बोली लावली होती. मी पुन्हा पाटी वर केली, आणखी उंच. पुन्हा तिची नजर माझ्यावरून सरकली. तिसऱ्यांदा मी उभी राहिले. हमालांपैकी एकानं मला हळूच सांगितलं, "मॅम, यू आर ब्लॉकिंग." तीन वार झाले. आरसा उल्काला गेला. उल्का, जिच्या घरात आरसा लावायला भिंतच नाही, सगळीकडे टीव्ही!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी मागच्या खोलीत गेले. मंजुषा डबा उघडत होती.

"मंजू, माझा हात दिसला नाही तुला?"

"दिसला ना ताई."

"मग? मुद्दाम केलंस?"

तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "ताई, घरच्यांची बोली मी कशी घेणार?"

"घरच्यांची म्हणजे?"

"म्हणजे तुमची." तिनं माझ्यापुढे ताटली सरकवली. "आमच्याकडे पुकारणाऱ्याच्या घरचं कुणी बोलीत उतरत नाही. लोक काय म्हणतील? आपल्याच माणसाला स्वस्तात दिलं, नाहीतर आपल्याच माणसाकडून भाव चढवून घेतला. मग पुकाऱ्याला काही व्हॅल्यूच राहत नाही. आई बाबांच्या बाजूला पायरीवर बसायची. एकदा देवीला आलेली साडी होती, जांभळी, जरीच्या काठाची. आईला इतकी आवडली होती ना. बघत बसली नुसती. उभ्या आयुष्यात तिनं एकदाही हात वर केला नाही. म्हणून तर तुमची चेअर मी तिथे ठेवते. डेलला पहिल्याच दिवशी सांगितलंय, शी इज फॅमिली."

आता एखादी भली बाई असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मलाही क्षणभर बरं वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग जो विचार आला तो असा: म्हणजे माझं नाव इथे कधीच निघणार नाही. उल्काचं निघेल, पीटरसनबाईंचं निघेल, उद्या न्यूयॉर्कहून आलेल्या कुठल्या टिकोजीरावाचं निघेल. मी मात्र तिच्या बाजूला, हमालांच्या ओळीत, तिची कुणीतरी म्हणून म्हातारी होणार. ज्या गावात मी तिला आणलं त्या गावात.

"मला कुणी विचारलं होतं, घरची व्हायचंय का म्हणून?" मी म्हणाले.

मंजुषाचा हात घावनावरच थांबला. मग म्हणाली, "तुम्हाला बोली करायची असेल तर करा ताई. समोर बसा. मी तुमचं नाव घेईन, अगदी मोठ्यानं घेईन. पण मग तुम्ही समोरच्या. दोन्ही मला नाही जमायचं. बाबांनाही जमलं नसतं."

"विचार करते," मी म्हटलं आणि डब्याला हात न लावता निघाले.

घरी मनोहरना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी लॅपटॉप मिटला. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस," म्हणाले. "माणूस ऑक्शनमध्ये मिळत नाही, आसावरी."

"तुम्हाला काय जातंय बोलायला," मी म्हटलं. "तुमचं नाव तुमच्या ऑफिसच्या दारावर आहे. माझं नाव कुठे आहे?" त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला.

आठवडाभर मी धुमसत होते. मंजुषाचा एक मेसेज आला, "ताई शनिवारी येताय ना?" मी अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. त्याचा अर्थ तिनं काय घेतला असेल कुणास ठाऊक.

शनिवारी उकाडा असा होता की गाडीतून उतरल्या उतरल्या चष्म्यावर वाफ धरली. मी पैठणी नेसले होते. गॅल्व्हस्टनच्या गोदामात, भर उन्हाळ्यात, पैठणी. दारात मंजुषाच उभी होती. ती "ताई" म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "मिसेस आसावरी दामले. शुगर लँड." आणि नंबरची पाटी घ्यायला हात पुढे केला. तिनं पाटी दिली. मी समोरच्या बाकावर, अगदी मधोमध, उल्काच्या शेजारी जाऊन बसले.

एकामागून एक वस्तू येत गेल्या. मला हवी अशी एकही नव्हती. बशा, एक मोडका पाळणा, कुणाच्या तरी आजोबांचं तैलचित्र. मी वाट बघत होते आणि वाट बघता बघता लिलाव संपत आला. शेवटची वस्तू आली ती छत्र्या ठेवायचं ओतीव लोखंडाचं स्टँड, बगळ्याच्या आकाराचं, चोचीवर गंज चढलेला. आमच्या शुगर लँडमध्ये छत्री कोण वापरतं? घरातल्या गॅरेजमधून गाडीत, गाडीतून दुसऱ्या गॅरेजमध्ये. मी पाटी वर केली.

मंजुषा क्षणभर थांबली. हॉलला कळलं नसेल, मला कळलं. ती माझ्याकडे बघत होती, जणू पाटी खाली घ्यायला मला वेळ देत होती. मी खाली घेतली नाही.

"मिसेस दामले!" ती म्हणाली. "मिसेस आसावरी दामले, शुगर लँड! मिसेस दामले हॅज इट!"

काय आवाज होता तो! माझं नाव त्या उंच छतापर्यंत गेलं आणि भिंतींवर आपटून परत आलं. दोनशे माणसं वळली. उल्कानं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मागे कुणीतरी माझ्यावर बोली केली, मी त्याच्यावर केली, आणि पुन्हा माझं नाव, आधीपेक्षा मोठ्यानं. तिनं हात आखडता घेतला नाही, कबूल करते. जेवढ्या जोरात पीटरसनबाईंचं नाव घ्यायची तेवढ्याच जोरात माझं घेतलं. लोक म्हणायला लागले, "एक वार! दोन वार!" आणि तीन वार. बगळा माझा झाला. टाळ्या माझ्या झाल्या. पोटातलं ते दुखणं एकदम थांबलं. इतक्या वर्षांत मी इतकी सुखी झाले नव्हते.

पैसे भरून मी सवयीनं मागच्या खोलीकडे निघाले. घावनांचा वास येत होता. दाराशी कामावरची नवीन मराठी पोरगी उभी होती, तिनं हसून हात आडवा केला. "सॉरी मॅम, कस्टमर्सना इकडे अलाऊड नाही." मी म्हणाले, "अगं, मी..." आणि पुढे काय म्हणावं ते मला सुचेना.

आवाज ऐकून मंजुषा बाहेर आली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. दारात उभं राहून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला देते तसं नीटनेटकं हसू तिनं मला दिलं. माझ्याशी तिनं इंग्रजी बोलायचं काही कारण नव्हतं, बोललीही मराठीतच.

"गाडी कुठे लावलीय तुमची, मिसेस दामले? वस्तू जड आहे. आमची माणसं आणून देतील."